सुईच्या आधी एक प्रश्न

नात्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या बाईचं ऑपरेशन झालं की आपण दवाखान्यात भेटायला जातो. डबा नेतो, बाळ झालं असेल तर बाळ बघतो. टाके किती पडले, रक्त चढवावं लागलं का, घरी कधी सोडणार, बिल किती झालं, सगळं विचारतो. ‘दुखतंय किती? रात्री झोप लागली का? दुखण्यावर काही दिलंय का?’ एवढं मात्र विचारायचं राहून जातं. आपल्याकडून राहतं तसं वॉर्डातही राहतं. आमच्या कामात पाहिलेल्या बहुतेक केसपेपरांवर ताप असतो, नाडी असते, रक्तदाब असतो, लघवी किती झाली तेही असतं. वेदनेचा रकाना एक तर नसतो, नाही तर कोरा असतो.

या अंकाचं संपादकीय शस्त्रक्रियेनंतरच्या या वेदनेवर आहे, आणि त्या वेदनेवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का याविषयी जगभर चाललेल्या संशोधनावर आहे. आपल्या अंकात हा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. कारण साधं आहे. पुण्यात ‘सुयांनी वेदनामुक्ती’च्या पाट्या दिसतात, वर्तमानपत्रांतून जाहिराती येतात, आणि बायका आम्हाला विचारतात : ‘ताई, गोळ्यांनी पित्त होतं, अंगावर बाळ पितंय, तर सुया टोचून घेऊ का?’ ‘घे, चांगलं असतं’ हे याचं एक उत्तर. ‘छे, सगळं थोतांड आहे’ हे दुसरं. दोन्ही सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. विचारणारीला तिसरं, नीट तपासलेलं उत्तर मिळायला हवं.

आधी हे ध्यानात घेऊ की शस्त्रक्रियेनंतरची वेदना हा बायकांचा प्रश्न का आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारण दर चार बाळंतपणांतलं एक सिझेरियन होतं. याच पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ होती. म्हणजे पोट कापून घेण्याचं काम या समाजाने बरंचसं बाईकडे सोपवलं आहे. त्यानंतरचं दुखणं सोसणं हे त्या कामातच धरलेलं असतं. ‘बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं’ हे सासू म्हणते, आई म्हणते, वॉर्डातली मावशी म्हणते, आणि शेवटी ती बाईही म्हणते.

सोसण्याचं कौतुक करणाऱ्यांनी न शमवलेल्या वेदनेचे परिणाम पाहावेत. पोटावर टाके असलेली बाई दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. छातीत कफ साठतो. ती उठून चालत नाही. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळाला जवळ घेणं, कुशीवर वळणं अवघड होतं आणि दूध पाजणं लांबतं. सुरुवातीच्या दिवसांतली तीव्र वेदना आटोक्यात आली नाही तर ती काहीजणींच्या अंगात महिनोन्‌महिने मुक्काम करते. तेव्हा वेदना शमवणं हा लाड नाही, तो उपचाराचा भाग आहे.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांना वेदनाशामक औषधं अधिक वेळा दिली गेली आणि बायकांना गुंगीची औषधं अधिक वेळा दिली गेली, असं दिसलं. पुरुष ‘दुखतंय’ म्हणाला तर त्याला दुखत असतं, बाई म्हणाली तर ती घाबरलेली असते, हा समज शिकल्यासवरल्या देशातल्या डॉक्टरांच्या मनातही होता.

आता अ‍ॅक्युपंक्चरकडे वळू. ही पद्धत चीनची, पण आपल्याकडे ती आली त्या गोष्टीला मराठी माणसाचा हात लागलेला आहे. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले, व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ते घरोघरी माहीत झाले. याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन त्यांनी कलकत्त्यात ते सुरू केलं. सुयांची ही विद्या भारतात रुजली ती अशी, मैत्रीच्या वाटेने.

जगभर तिचा गवगवा झाला तो मात्र १९७१ साली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्यावर त्यांनी लेख लिहिला, आणि लोकांच्या डोक्यात राहिलं ते असं की चीनमध्ये नुसत्या सुया टोचून, भूल न देता पोट कापतात. लेखात तसं नव्हतं. रेस्टनना नेहमीसारखी इंजेक्शनने भूल दिली होती. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री पोटात वायू धरून त्यांना त्रास होऊ लागला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांची परवानगी घेऊन कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. तासाभरात त्यांना बरं वाटलं. दावा एवढाच होता : ऑपरेशननंतरचा त्रास, रुग्णाची संमती, सुयांनी थोडा आराम.

पण लहान दाव्यावर कोण थांबतं? त्यापुढची कित्येक वर्षं सुयांवर उघड्या छातीची ऑपरेशनं करून दाखवण्याचे प्रयोग गाजले. पाहुण्यांना दाखवायचे रुग्ण निवडून घेतलेले असत आणि सुयांच्या जोडीला औषधंही असत, हे मागाहून कळत गेलं. २००६ साली बीबीसीने शांघायमधल्या एका तरुण बाईचं हृदयाचं ऑपरेशन दाखवलं. टेबलावर ती जागी होती आणि अंगात सुया होत्या. तिला गुंगीची औषधं आणि छातीत जागा बधिर करणारी इंजेक्शनंही भरपूर दिली होती, यावरून नंतर बरीच टीका झाली. चमत्काराच्या पडद्यावर बहुतेक वेळा बाईचंच शरीर असतं, हेही लक्षात ठेवू.

चमत्कार बाजूला ठेवला तर उरतं ते काय? जे उरतं ते बऱ्यापैकी तपासलेलं आहे. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची सभा घेतली. ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलटी, तसंच दाताच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना, यांवर अ‍ॅक्युपंक्चरचा गुण येतो असा पुरावा आहे, असं त्या सभेने म्हटलं. २००८ साली शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरच्या १५ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सुया घेतलेल्या रुग्णांना मॉर्फिनसारखी औषधं कमी लागली. पहिल्या आठ तासांत सुमारे २१ टक्क्यांनी, तीन दिवसांत सुमारे २९ टक्क्यांनी. औषध कमी म्हणून चक्कर, मळमळ, गुंगी हेही काहीसं कमी. म्हणजे सुयांनी औषध सुटलं नाही, ते थोडं कमी झालं.

मळमळीचं संशोधन आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचं आहे, कारण ऑपरेशननंतर उलट्या होण्याचा धोका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त असतो. भूलतज्ज्ञ धोका मोजतात त्यात ‘स्त्री असणं’ हा एक मुद्दाच असतो. आणि ताज्या टाक्यांवर उलटीची उबळ कशी लागते हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहाताच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या दोऱ्यांच्या मधे एक बिंदू आहे. चिनी परंपरेत त्याला नेईगुआन म्हणतात. २०१५ साली ५९ प्रयोगांचा आढावा घेतला गेला. हा बिंदू सुईने, दाबाने किंवा पट्ट्याने चेतवला तर मळमळ कमी होते, आणि उलटीवरच्या औषधांशी तुलना करता फारसा फरक राहत नाही, असं त्यातून निघालं. यातला दाब देण्याचा प्रकार कुणीही शिकू शकते, त्याला पैसेही लागत नाहीत.

आणि सिझेरियन? त्यावर जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथे १८० बायकांवर प्रयोग झाला, २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला लुटुपुटीच्या, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. वेदनेची औषधं तिन्ही गटांना होतीच. पहिल्या दिवशी हालचाल करताना होणारी वेदना खऱ्या सुयांच्या गटात कमी होती आणि त्या गटातल्या जवळजवळ सगळ्या जणी त्याच दिवशी उठून चालू लागल्या होत्या. फरक मोठा नाही. दहाच्या मोजपट्टीवर एक-दीड अंकाचा. पण पहिल्या दिवशी पलंगावरून पाय खाली टाकताना एक-दीड अंक काय असतो, हे आईला विचारा.

या संशोधनात दुबळ्या जागाही आहेत. बरेचसे प्रयोग लहान आहेत. औषधाची गोळी खरी की खोटी हे डॉक्टरपासूनही लपवता येतं, पण सुई टोचणाऱ्यापासून सुई लपवता येत नाही. शिवाय १९९८ सालच्या एका तपासणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेला अ‍ॅक्युपंक्चरचा प्रत्येक प्रयोग यशस्वीच ठरलेला आढळला. प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरत असेल, तर सगळं छापलं जातंय की नाही अशी शंका घेणं शहाणपणाचं आहे.

या सगळ्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा निष्कर्ष लुटुपुटीच्या सुयांचा आहे. जर्मनीच्या त्याच प्रयोगात खोट्या सुया मिळालेल्या बायकाही नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा लवकर उठल्या. पाठदुखीवरच्या २००७ सालच्या मोठ्या जर्मन प्रयोगातही असंच दिसलं : खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना गुण आला, खोट्यांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. पाठदुखी आणि ऑपरेशन या निराळ्या गोष्टी, हे खरं. तरी यावरून अ‍ॅक्युपंक्चरचे विरोधक म्हणतात, ‘बघा, सगळा मनाचा खेळ!’ समर्थक म्हणतात, ‘खोट्या सुईलाही थोडा गुण असतो.’ त्यांचा वाद चालू राहू दे. आपण तिसरीकडे बघू : नेहमीच्या उपचारात असं काय कमी आहे, की लुटुपुटीची सुईसुद्धा त्याच्यावर मात करते?

उत्तर प्रयोगाच्या रचनेतच आहे. प्रयोगातल्या बाईजवळ कुणीतरी येतं. तिला नावाने हाक मारतं. कुठे दुखतं, किती दुखतं, उठताना की झोपल्यावर, हे विचारतं. तिची परवानगी घेतं. अंगाला हात लावतं तो सांगून लावतं. पुन्हा येऊन विचारतं, आणि तिने सांगितलेला आकडा लिहून ठेवतं. सुई खरी असो की खोटी, एवढं तर प्रत्येकीला मिळतं. शरीरात वेदना शमवणारी स्वतःची रसायनं असतात. भीती कमी झाली, भरवसा वाटला की त्यांचं काम चांगलं चालतं. १९७७ सालच्या एका प्रयोगात अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम उलटवणारं औषध दिल्यावर सुयांनी आलेला आरामही ओसरला होता. म्हणजे हा आराम कल्पनेतला नाही, तो शरीरातच घडतो.

याच्या उलट चित्र आपल्या देशात २०१४ साली दिसलं. नोव्हेंबर महिन्यात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात कुटुंबनियोजनाच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्या दिवसांत तिथल्या शिबिरांनंतर डझनाहून अधिक जणी दगावल्या. जिथे एकेका बाईच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, तिथे ‘किती दुखतंय?’ हा प्रश्न कोण विचारणार?

म्हणून आमचं म्हणणं असं : अ‍ॅक्युपंक्चरचं संशोधन आपल्याला आधी सुईबद्दल सांगत नाही, आधी वॉर्डाबद्दल सांगतं. वेदना विचारणं, लिहिणं आणि त्यावर काही करणं हा उपचार आहे, आणि तो आपल्या बायकांना मिळत नाही.

इथे एक धोका दिसतो. उद्या कुणी म्हणेल, औषधं महाग, भूलतज्ज्ञ कमी, तर गरीब बायकांना सुया टोचा. सुईला साधारण काही रुपये पडतात, बाईही सोशिक आहे! याला आपला ठाम विरोध असला पाहिजे. ऑपरेशननंतरच्या वेदनेवरच्या वर सांगितलेल्या प्रयोगांनी औषधाऐवजी सुई असं म्हटलेलं नाही. औषधाबरोबर सुई, एवढंच म्हटलं आहे. खाजगी रुग्णालयातल्या बाईला औषध आणि सुई, सरकारी वॉर्डातल्या बाईला नुसती सुई, अशी वाटणी आपण चालू देणार नाही.

दुसरा धोका संमतीचा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा पुण्यामुंबईच्या स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या मुलींच्या शरीराचा निर्णय इतरांनी घेतला. त्यानंतर किती दुखलं हे सांगायला शब्द नसलेल्या मुलींची वेदना कुठे नोंदली जाणार होती? त्याआधी १९८० च्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांवरून स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. बायकांच्या शरीरावर संशोधन नको, असं आपण तेव्हाही म्हटलं नाही. आम्हाला सांगून, आमच्या भाषेत समजावून, ‘नाही’ म्हणायची मुभा ठेवून करा, असं म्हटलं. सुयांच्या संशोधनालाही हीच अट आहे.

कायद्याचंही थोडं बघू. पश्चिम बंगालमध्ये अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा १९९६ चा आहे, महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि केंद्र सरकारने २०१९ साली या उपचारपद्धतीला मान्यता दिली. याचा अर्थ सुया टोचणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण सरकारी मान्यता म्हणजे प्रत्येक दुखण्यावर गुण येण्याची हमी नव्हे.

मग ‘सुया टोचून घेऊ का?’ या प्रश्नाला आमचं उत्तर असं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आधी सांगा. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारखी औषधं बाळ अंगावर पीत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. तेव्हा दूध पाजते म्हणून दुखणं अंगावर काढू नका. त्याबरोबर अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचं असेल तर नोंदणी असलेल्याकडेच घ्या. सुई नवी, बंद पाकिटातली, तुमच्यासमोर उघडलेली आणि नंतर फेकून दिली जाणारी असावी. कावीळ आणि एच.आय.व्ही. सुईतून पसरतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांमधून वीज सोडण्याचा प्रकार नको. ताप आला, टाक्यातून पू येऊ लागला, पोट फुगलं, पाय एकाच बाजूने सुजला, तर सुया नकोत. तडक दवाखाना गाठा. वेदना ही कधी कधी धोक्याची घंटा असते, ती नुसती बंद करून चालत नाही. आणि जो कोणी ‘औषधं बंद करा, मी बरं करतो’ म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरा.

हे झालं एकेकीपुरतं. संघटनेने मागायचं ते वेगळं. सरकारी आणि महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर ताप-नाडीच्या शेजारी वेदनेचा रकाना हवा आणि तो दर पाळीत भरला गेला पाहिजे. शून्य ते दहाची मोजपट्टी कुणाला परकी वाटत असेल, तर आपल्या बायकांकडे त्यांची स्वतःची मोजपट्टी आहे. ‘चार आणे फरक पडला’, ‘अजून बारा आणे दुखतंय’ असं त्या सहज सांगतात. सोळा आण्यांत विचारा आणि लिहा. हिशोब अचूक मिळेल. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचं बंधन महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांवर २०२१ च्या सुधारित नियमांनी घातलं आहे. त्या सनदेशेजारी ‘दुखत असेल तर सांगा, उपाय मिळेल’ एवढी एक ओळ लावायला खर्च येत नाही.

आणि संशोधन इथेही व्हावं. पुण्यात मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, भूलशास्त्राचे विभाग आहेत, नोंदणी असलेले अ‍ॅक्युपंक्चर करणारे आहेत. २००७ पासून देशात चिकित्सा-चाचण्यांची उघड नोंदवही आहे. तिच्यात आधी नोंद करून, निकाल चांगला येवो की वाईट, तो जाहीर करण्याच्या बोलीवर प्रयोग व्हावेत. त्यात मोजायचं काय, हे बायकांना विचारून ठरवावं. किती मिलिग्रॅम औषध वाचलं हे डॉक्टरांना महत्त्वाचं वाटेल. बाईला हवं असतं ते असं : कुशीवर वळता आलं का, खोकता आलं का, बाळाला छातीशी धरता आलं का, सलग चार तास झोप मिळाली का, आणि ‘दुखतंय’ म्हटल्यावर कुणी आलं का.

मैत्रिणींनो, या तिमाहीत एक काम करू या. ऑपरेशन झालेल्या कुणाही बाईला भेटायला गेलात, तर रुपयातले किती आणे दुखतंय ते विचारा, आणि आठ आण्यांच्या वर उत्तर आलं तर सिस्टरांकडे जाऊन ते केसपेपरवर लिहायला सांगा. काय उत्तर मिळालं, लिहिलं गेलं की नाही, ते आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू, आणि तीच घेऊन रुग्णालयांच्या अधीक्षकांना भेटू.